ड्रायव्हरशेजारची जागा

फोनवरचं बोलणं संपवून काचवाल्याने, खिडक्यांना काचा बसवणाऱ्या त्या गाडीवाल्याने, म्हाताऱ्याची बॅग उचलली, आणि म्हातारा बॅगेऐवजी त्या हाताकडे बघू लागला. बॅग काही जड नव्हती. दोन शर्ट, एक पँट, बायकोने घडी घालून दिलेली शाल आणि मुलासाठी निघताना घाईत घेतलेले लोकरीचे मोजे, एवढाच ऐवज. या परक्या मुलखात उतरल्यापासून ती त्याने स्वतःच वागवली होती, विमानतळावरून बसमध्ये आणि बसमधून या आडबाजूच्या थांब्यावर, आणि कोणी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. हा काचवाला तर मघापर्यंत नुसता घाई करत होता. रस्त्याकडेला रडकुंडीला आलेला एक म्हातारा दिसला म्हणून भल्या माणसाने गाडी थांबवली होती, इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला होता, आणि दोघांनाही मोडकीतोडकी येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत ‘बसा, चला, लवकर, मी सोडतो’ असं त्याचं चाललं होतं. मग दवाखाना नेमका कुठे, हे कळेना म्हणून त्याने नंबर मागितला. मोबाइलवर दाखवलेला नंबर स्वतःच्या फोनवर लावला. बोलता बोलता पाठ फिरवली, थांब्याच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, बुटाच्या टोकाने भिंत खरवडत बराच वेळ नुसता ऐकत राहिला. परत आला तो थेट बॅगेकडे. ‘चला,’ म्हणाला. ‘लवकर’ म्हणाला नाही.

बॅग उचलणं म्हणजे काय, हे म्हाताऱ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? जन्म त्यातच गेला होता. तो एका दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. रुग्ण आणायचे, पोचवायचे, रक्ताच्या पिशव्या आणायच्या, ही कामं होतीच. पण त्याचं नाव झालं होतं ते नातेवाईक आणण्यात. कुणाचे म्हातारे आईबाप लांब राहायचे, कुणाची बायको एकटी असायची. मग मेट्रनबाई स्वतः खाली गाडीपाशी यायच्या आणि म्हणायच्या, “जाऊन घेऊन या त्यांना. सीरियस आहे, एवढंच सांगा.” त्याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत आणि त्यानेही विचारलं नाही. सीरियस असताना त्या वरूनच खिडकीतून हाक मारत. खाली उतरून येत त्या सगळं आटोपल्यावर. दुसरे ड्रायव्हर या कामाला नाकं मुरडत. एकाने तर जिन्यातच सांगून टाकलं होतं आणि बाई पायऱ्यांवरून कोसळली होती. याचं तसं कधी झालं नाही. याने आपली एक पद्धत बसवली होती. दारातच सामान आपल्या हातात घ्यायचं, कारण सामान हातात असलेला माणूस उभा राहून प्रश्न विचारतो, आणि हात मोकळे झाले की मुकाट गाडीत बसतो. बसवायचं ते मागे नाही, आपल्या शेजारी. मग तोंड बंद ठेवायचं नाही. रस्त्यातले खड्डे, गाडीचा क्लच, आपली कंबरदुखी, वाटेल ते बोलायचं, पण बोलत राहायचं. त्यांच्या तोंडाकडे पाहायचं नाही. आणि दवाखान्याअलीकडचा पूल ओलांडायच्या आधी, चहाच्या हॉटेलापाशी गाडी थांबवून अगदी सहज विचारायचं, “जेवलात का? दोन घास खाऊन घ्या, डॉक्टर राउंडला असतील, आत्ता आत सोडणार नाहीत.” एकदा पोचलं की त्या माणसाच्या पोटात दोन दिवस अन्नाचा कण जात नाही, हे त्याने पाहिलेलं होतं. म्हातारी माणसं त्यानेच निम्मी होतात.

काचवाल्याने त्याला शेजारी बसवलं. मागचं दार उघडून बॅग आत ठेवल्याचा आवाज आला, मग तो स्टिअरिंगच्या चाकापाशी येऊन बसला, पट्टा लावला, आरसा उगीचच नीट केला. आणि बोलायला लागला. त्याचा गुडघा दुखतो. हवा बदलली की जास्तच. घरी कुत्रा आहे, तोही म्हातारा, त्याचाही गुडघा दुखतो, आणि बायको म्हणते की दोघांना एकच मलम आणलं तरी चालेल. यावर तो स्वतःच हसला, आणि एक डोळा रस्त्यावर ठेवून दुसरा शेजाऱ्याकडे वळवल्यासारखं करून पुन्हा सरळ झाला. नाही पाहिलं त्याने तोंडाकडे. हे बघणं टाळण्याचं काम नवख्या माणसाला साधत नाही, मान आखडते; काचवाल्याचीही आखडली होती. म्हातारा ते पाहत होता आणि पाहायचं नाही असं ठरवत होता. असतात काही माणसं बडबडी, त्याने मनाला सांगितलं. ओळख नाही पाळख नाही, अनोळखी माणसाला गाडीत घेतलं, आता गप्प कसं बसायचं म्हणून बोलत असेल. मघाशी घाईत होता, आता निघालो म्हणून निवांत झाला असेल. फोनवर नुसता रस्ता विचारला असेल. रस्ता विचारायला इतका वेळ? लागतो, परका दवाखाना, मोठी इमारत, कुठल्या फाटकातून आत जायचं ते सांगत असतील. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. त्याला आयुष्यात पहिल्यांदा चाक नसलेल्या बाजूला बसून कुठेतरी पोचायचं होतं, आणि त्याचा उजवा पाय आपोआप पुढे जाऊन रिकाम्या जागेवर ॲक्सिलरेटर शोधत होता.

कारण गाडी हळू चालली होती. रस्ता मोकळा, सरळ, दोन्ही बाजूंना लांबच लांब गोदामं आणि कुंपणं, आणि गाडी बैलगाडीसारखी. मागून येणाऱ्या गाड्या भसाभस पुढे निघून जात होत्या. जिवंत माणसाकडे कसं जातात ते त्याला पाठ होतं. हॉर्नवर हात आडवा टाकून, सिग्नल तोडून, शिव्या खात. मुलाला लहानपणी गालगुंड होऊन ताप चढला तेव्हा त्याने दवाखान्याचीच गाडी बिनपरवानगी काढली होती आणि पोराला मांडीवर आडवं टाकून एका हाताने चालवत नेलं होतं. मेट्रनबाईंनी पुढे त्यावरून चांगलंच फैलावर घेतलं. आणि दुसऱ्या प्रकारचं जाणं, तेही पाठ होतं. तिथे घाई करून काही हाती लागत नाही, म्हणून पाय आपोआप सैल पडतो, आणि मनातून वाटत राहतं की हा रस्ता अजून थोडा लांब असता तर बरं. त्याने वेगाच्या काट्याकडे नजर टाकली आणि लगेच काढून घेतली. मग त्याला एकदम आठवलं, हा काचा बसवणारा आहे. गाडीवर काचेचं चित्र रंगवलेलं होतं, बाजूला काचा उभ्या करायची लाकडी चौकट होती. मागे काचा असणार. काचा असल्या की कोण गाडी पळवेल? खड्ड्यात चाक गेलं की सगळा चुरा. त्याचा जीव भांड्यात पडला. तो सीटला टेकला, आणि काचवाला सांगत होता त्या कुत्र्याचं नाव काय, असंही त्याने विचारलं. काचवाल्याने नाव सांगितलं. फार खूश झाला तो. इतकं खूश होण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बसमध्ये झोप लागली नसती तर ही वेळच आली नसती. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. पहाटे त्या बसमध्ये, गरम हवेच्या झोतापाशी जागा मिळाली, आणि तो, ज्याने चाकावर कधी पापणी मिटली नाही, तो बसल्या बसल्या दगडासारखा झोपला. उतरायचं शहर मागे गेलं. जागा झाला तेव्हा बस कुठल्याशा आडगावी रिकामी होत होती आणि परतीची बस दुसऱ्या दिवशी होती. थांब्यावर त्याने एकेकाला हाताला धरून नंबर दाखवला, पत्ता दाखवला, लोक बिचारे थांबले, मान हलवून निघून गेले. त्याच्या फोनला इथे रेंजच नव्हती. तेव्हा तो एका बाकावर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होता, अगदी खरोखरच, चापटा, आणि तेच पाहून काचवाल्याने गाडी थांबवली असावी. बाप झोपला. पोरगा तिकडे नळ्या लावून पडलाय, वाट पाहतोय, आणि बाप तोंड उघडं टाकून घोरतोय. हे आठवलं की अजूनही त्याला बसल्या जागी आपल्याच मांडीचं मांस ओरबाडावंसं वाटत होतं.

पण वाट पाहतोय, हे त्याला कोणी सांगितलं होतं? मुलाच्या कंपनीतल्या माणसाने फोन केला होता तो स्वच्छ आपल्या भाषेत. मुलगा जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत वेल्डर होता, उंचावरच्या फळीवरून पडला. “सीरियस आहे काका. तुम्ही लगेच निघा, बाकी सगळं आम्ही बघतो.” सीरियस आहे, एवढंच सांगा. ज्या शब्दावर आपलं घर चाललं तो शब्द कानावर आला आणि त्याने तो भाबड्या माणसासारखा खरा मानला. बायकोला म्हणाला, “तिकडची माणसं आपल्यासारखी नसतात. सीरियस म्हणजे सीरियसच. तिकडे सरळ सांगतात.” ती त्याचे शर्ट इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही, कॉलरवरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिली. कागदपत्रं झटपट झाली, ज्या कचेरीत साध्या दाखल्यासाठी चपला झिजतात तिथे साहेबाने उभं राहून सही दिली, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. तेही त्याने पाहिलं होतं. पाहून ‘कंपनी मोठी आहे’ असं म्हणाला होता. माणूस स्वतःला किती गंडवू शकतो याचा त्याला या क्षणी रागही येत नव्हता, फक्त भीती वाटत होती की आता गंडवायला काही उरणार नाही.

मुलगा हुशार होता तसल्या बाबतीत. लहानपणापासून त्याला बापाचं काम कळत असे. संध्याकाळी बाप घरी आला की तो आधी बापाच्या हाताकडे बघायचा. ज्या दिवशी असं कोणाला आणलेलं असेल त्या दिवशी बाप हात फार वेळ धूत असे. एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, बाप घरात पाय टाकताच सवयीने म्हणाला, “काय, जेवलात का?” आणि मायलेक दोघंही जागच्या जागी थिजली. बायकोच्या हातातला डाव खाली पडला. “कोण?” ती म्हणाली. “कोणाचं काय झालं?” काही झालं नव्हतं, तो नुसतं विचारत होता, जसं कोणीही विचारतं. पण ती त्या दिवशी जी संतापली तशी नंतर कधी संतापली नाही. “हे बाहेर विचारत जा. या घरात कोणाला जेवलास का म्हणून विचारायचं नाही. भूक लागली तर ताटं वाढली का म्हणा.” तेव्हापासून तो नियमच झाला. आल्यागेल्यालाही त्या घरात कोणी ते विचारत नसे, मग लोक खुशाल अगत्य नाही म्हणोत. मुलगा मोठा झाल्यावर त्यावरून चेष्टा करायचा. परदेशातून फोन केला की म्हणायचा, “बाबा, इथे रोज मला पन्नास जण विचारतात जेवलास का, आणि माझ्या पोटात रोज गोळा येतो.” मग तिघंही हसत. मागच्याच फोनवर हसली होती. बायकोने शेवटी ‘थंडी आहे का तिकडे, मोजे आहेत का पायात’ असं विचारलं होतं.

काचवाल्याने गाडी हळूच रस्त्यावरून खाली घेतली. एक लहानसं खानावळीसारखं ठिकाण होतं, पुढे दोन ट्रक उभे. “थोडं खाऊ,” काचवाला म्हणाला. सहज म्हणायचा त्याचा प्रयत्न होता. “गरम सूप असतं इथे. चांगलं असतं.”

“नको,” तो म्हणाला. “आधी दवाखाना.”

“डॉक्टर आत्ता कामात असतील,” काचवाला म्हणाला. “आत सोडणार नाहीत. दोन मिनिटं.”

तो त्याच्याकडे बघत राहिला. म्हणजे हेसुद्धा जगभर सगळीकडे असंच बोलतात. कोणी कोणाला शिकवत नाही, पुस्तकात छापलेलं नसतं, आणि तरी एक काचा बसवणारा माणूस कुठल्यातरी रस्त्यावर तेच वाक्य उच्चारतो, जवळजवळ शब्दाला शब्द. त्याला किंचाळावंसं वाटलं. गाडीचं स्टिअरिंग हिसकावून घ्यावं, याला खाली ढकलून द्यावं आणि एकट्याने सुसाट जावं, हॉर्नवर हात टाकून, जसं जिवंत माणसाकडे जातात तसं. तसं गेलं तर तो जिवंत असेलही. काचा, त्याने मनात घट्ट धरलं. काचा आहेत म्हणून हा हळू चालवतोय, आणि सकाळपासून काम करून याला भूक लागली आहे, म्हणून खायला थांबतोय. एवढंच आहे.

बाहेर वारा बोचरा होता. त्याच्या अंगावर नुसता शर्ट पाहून काचवाला मागे गेला, अंगावर घालायला काहीतरी देतो म्हणाला, आणि दोन्ही दारं सताड उघडली. आत काच नव्हती. एकही नव्हती. चौकट रिकामी, खाली दोरखंडाची वेटोळी, काचांना गुंडाळायच्या जुन्या गोधड्या नीट घडी घालून एकावर एक ठेवलेल्या, आणि त्या गोधड्यांवर, धक्का लागू नये म्हणून मधोमध, त्याची बॅग. काचवाल्याने वरची गोधडी काढून झटकली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. तिला रंगाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास येत होता. टाकताना त्याचा हात खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला. म्हातारा गोधडी आवळून त्याच्या मागोमाग आत गेला आणि दाखवली त्या खुर्चीत बसला.

सूप आलं, पाव आला. काचवाल्याने आपला पाव तोडला आणि खाल्ला नाही. म्हातारा समोरच्या वाफेकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे एकामागून एक ती सगळी माणसं येत होती ज्यांना त्याने पुलाअलीकडच्या त्या हॉटेलात बसवलं होतं. त्यांतले बहुतेक विचारत नसत. त्याला वाटायचं, यांना अजून कळलेलं नाही. मनातून तो हुश्श करायचा, त्यांच्या बशीत अजून एक बिस्कीट सरकवायचा. फक्त एका म्हातारीने चहा बशीत ओतता ओतता विचारलं होतं, “बाबा रे, तुला ठाऊक आहे ना?” तो म्हणाला होता, “मी नुसता ड्रायव्हर, आजी.” ती बरं म्हणाली आणि सगळा चहा पिऊन टाकला. तिला कळलेलं होतं. सगळ्यांनाच कळलेलं असायचं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. बॅग हातातून गेली तेव्हापासून कळलेलं असायचं, आणि तरी ती खात बसायची, कारण बशी संपेपर्यंत कोणी काही बोलणार नसतं. तोवर मूल असतं. नळ्या लावून का होईना, असतं. त्याने चमचा उचलला.

तो अगदी सावकाश जेवला. प्रत्येक घास इतका चावला की तोंडात नुसतं पाणी उरलं. पाव संपला तर काचवाल्याने आपल्या पुढ्यातला अर्धा सरकवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हायसं वाटणं अगदी स्पष्ट दिसलं, ते ओळखीचं हुश्श. बिचाऱ्याच्या काय नशिबी आलं होतं. रस्त्यात एका म्हाताऱ्याची दया आली, फोन लावला, आणि पलीकडून कोणीतरी याच्या गळ्यात हे टाकून दिलं. याला पगार नाही, सवय नाही. त्याला काचवाल्याची फार कीव आली, आणि त्या कीवेच्या आधाराने तो शेवटचे घास खाऊ शकला. वाडगा पुसून काढला. मग रिकामा वाडगा बाजूला सारून हात गोधडीत घेतले.

“खाल्लं मी,” तो म्हणाला. “आता सांगा.”

काचवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. त्या तिसऱ्या भाषेत त्याच्याकडे शब्द मुळात थोडेच होते. “सकाळी,” तो म्हणाला. “त्यांनी सांगितलं, आज सकाळी. शांतपणे.”

सकाळी. म्हणजे तो बसमध्ये झोपलेला असताना. किंवा तसंही नसेल. त्याने स्वतः प्रत्येकाला हेच सांगितलं होतं, ‘आत्ता आत्ता, तुम्ही यायच्या थोडंच आधी,’ कारण लोकांना ते बरं वाटतं. आणि ‘शांतपणे’ हाही शब्द तो न चुकता लावत असे, समोर काहीही झालेलं असो. तेव्हा खरं काय आणि सांगायचं म्हणून सांगितलेलं काय, हे त्याला आता जन्मात कळणार नव्हतं. आपण झोपल्यामुळे पोराला एकट्याला जावं लागलं, की फोन आला तेव्हाच तो गेलेला होता आणि आपण मोजे घेत दुकानात उभे होतो? विचारायला कोणी नव्हतं, कारण ज्याला ज्याला विचारणार तो त्याच्यासारखाच भला माणूस निघाला असता. त्याने मान हलवली. काचवाला टेबलावरून हात पुढे करून रडत होता, मोठ्या माणसाला रडता येत नाही तसा, नाकाने. म्हाताऱ्याला रडू आलं नाही. बायको, एवढंच त्याच्या मनात आलं. ती स्वयंपाकघरात फोन हाताशी ठेवून उभी असेल. बसत नसेल ती.

काचवाल्याने न मागताच आपला फोन पुढे केला. नंबर त्याला तोंडपाठ होता, बोटं तेवढी चुकत होती. त्याने ठरवलं, पद्धत नाही. तिच्याशी पद्धत नाही करायची, सीरियस आहे असं नाही म्हणायचं, रस्त्याचं, थंडीचं बोलायचं नाही. एका वाक्यात सांगायचं, तेवढा तरी हक्क आहे तिचा. वाक्य त्याने मनात तयार केलं. पलीकडे एकदाच घंटा वाजली आणि तिने उचलला.

“अहो, पोचलात का?” ती म्हणाली. “कसा आहे तो?”

वाक्य तोंडात होतं. तो ओठ उघडून ते बोलायला गेला आणि त्याने स्वतःचा आवाज ऐकला, सहज, मऊ, इतक्या वर्षांचा घोटलेला.

“तू जेवलीस का?”

पलीकडे गॅसचं बटण फिरवल्याचा बारीकसा खटका झाला. त्याने डोळे गच्च मिटून घेतले. ती किंचाळली नाही, फोन पडला नाही. ती बोलली ते अगदी हळू, एखादी गोष्ट पक्की करून घ्यावी तसं.

“तुम्हाला घातलं का कोणी खायला?”

त्याने डोळे उघडून पुढ्यातल्या रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं.

“हो,” तो म्हणाला. “पोटभर.”